खोकल्यानंतरची जागा

पपई चिरताना पाठीमागे एलोय खोकला, आणि औरिस्तेलानं न वळताच सांगितलं, "पाय पूस."

सुरी तशीच चालत राहिली. काळ्या बिया बादलीत पडत राहिल्या. मग सुरी थांबली. एलोयला, तिच्या नवऱ्याला, जाऊन दोन वर्षं होत आली होती. ग्वायाकिलच्या टेकडीवरच्या दफनभूमीत, भिंतीतल्या अगदी वरच्या ओळीतल्या कप्प्यात त्याला सरकवताना तिनं पाहिलं होतं. गवंड्यानं कप्प्याच्या तोंडावर सिमेंटचा शेवटचा हात फिरवून थापी पँटला पुसली तेही पाहिलं होतं, आणि एवढ्या उंचावरून हा माणूस खाली कसा उतरणार, असा एक वेडगळ विचार तेव्हा तिच्या मनात येऊन गेला होता. तर तो उतरला होता. अख्खं शहर ओलांडून, किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यानं, फुगीर बुंध्यांच्या सेइबो झाडांच्या या रानापर्यंत आला होता, आणि तिच्या पाठीशी जाळीपलीकडे खोकून उभा होता. ती वळली. जाळीच्या आत फांदीवर एक पोपट बसला होता. अंगानं हिरवा, कपाळावर लाल पट्टा, पायात पिवळं कडं. त्यानं एक डोळा तिच्यावर रोखला, बुबुळ बारीक केलं, मोठं केलं, आणि पुढचं बोलणं तिनं बोलावं अशा बेतानं मान वाकडी करून थांबला. समोर केळी सोलत बसलेल्या पिएदादनं मात्र डोळे वटारून ओठांवर बोट ठेवलं होतं.

स्वयंपाकाच्या शेडमध्ये पोचल्यावर पिएदादला कंठ फुटला. या पिएदादला गप्प बसवणं म्हणजे उकळत्या भाताच्या पातेल्यावर हात दाबून धरणं. "खोकलीस ते जाऊ दे, खोकला काय कुणाच्या हातात असतो? पण बोललीस कशाला? आणि पाय कुणाचे पुसायला लावत होतीस गं, पोपटाचे?"

"गेलं तोंडातून चुकून."

"चुकून! माझी नणंद अशीच चुकून बोलत बोलत तीन लग्नं मोडून बसली. त्यातलं एक माझं होतं."

औरिस्तेला हसली, नेहमीसारखी, तोंडावर हात घेऊन. मी खोकले नव्हते, असं सांगायचं तिच्या जिभेवर आलं होतं. पण ते सांगितलं असतं तर मग कोण खोकलं हेही सांगावं लागलं असतं, आणि ते सांगण्याआधी आपण एकटीनं ते एकदा तरी नीट ऐकावं, असं तिला वाटलं. एखादी गोड वस्तू पोरांच्या नजरेआड आधी आपण चाखून बघावी, तसलं काहीतरी वाटलं. त्याची तिला लाज वाटली, आणि लाज वाटूनही तिनं काही सांगितलं नाही.

इथे तिला आणलं होतं तिच्या या मैत्रिणीनं, पिएदादनंच. एलोय गेल्यावर औरिस्तेला घरात फार गप्प झाली होती, आणि गप्प बाईला गप्प बसायचंच काम द्यावं, असं पिएदादच्या डोक्यानं घेतलं. लोकांच्या घरांतून, खानावळींतून, ट्रकांच्या टपांवरून सोडवून आणलेले पोपट इथे ठेवलेले असत. बाहेरच्या पिंजऱ्यांत तर नुसता बाजार भरलेला. दातांच्या डॉक्टरकडून आलेला एक पोपट दात कोरायच्या यंत्राचा आवाज इतका हुबेहूब काढी की फळं टाकायला आलेली माणसं गालावर हात धरून परतत. एकीचा हलता दात त्या आवाजानंच पडला, हे पिएदाद शपथेवर सांगे. पाद्र्याच्या घरून आलेली एक म्हातारी पोपटीण येईल त्याला पापातून मोकळं करी. आसपासच्या वस्तीतले दोघे-तिघे रविवारी चर्चला जायचं सोडून तिच्या पिंजऱ्यापाशी येऊन उभे राहू लागले होते, कारण ती प्रायश्चित्त सांगत नसे. पण या गजबजाटाच्या पलीकडे, तागाच्या पडद्यांनी वेढलेला एक भला मोठा पिंजरा होता, आणि त्याच्या आसपास माणसानं तोंड उघडायचं नाही असा नियम होता. त्यातले पोपट पावसाळा सरला की रानात सोडायचे होते. बोलणारा पोपट रानात टिकत नाही, हे पक्ष्यांची डॉक्टर मार्लेन पहिल्याच दिवशी प्रत्येकाला बजावी. भूक लागली की तो झाड सोडून माणसाच्या दारात जातो, पाव मागतो, आणि संध्याकाळच्या आत पुन्हा पिंजऱ्यात जाऊन बसतो. तेव्हा त्याला माणसाची भाषा विसरायला लावायची. आणि ती विसरायला लावायची तर एकच करायचं: उत्तर द्यायचं नाही. "शब्दाला उत्तर मिळालं नाही, की तो वाळतो," मार्लेन म्हणे. औरिस्तेलाला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिच्या घरात शब्द कसे वाळतात ते तिनं जवळून पाहिलं होतं.

एलोय बर्फाच्या कारखान्यांची यंत्रं दुरुस्त करायचा. किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या गावांतून त्याची सतत फेरी असे. आठवड्यातले निम्मे दिवस घरी, निम्मे तिकडे. त्या यंत्रांतल्या अमोनियानं त्याचा घसा कायमचा पोळला होता. दारात आला की तो खोके. दोन आखूड ठसके, मग एक लांब, काहीतरी फरफटत ओढून नेल्यासारखा, आणि त्यानंतर घसा साफ करणं. पुढाऱ्यानं भाषणाआधी करावा तसा तो घसा साफ करी, चांगला वेळ घेऊन, मान किंचित वर करून, आता काहीतरी मोठं सांगणार अशा थाटात. आणि मग काहीच सांगत नसे. लग्नानंतर पहिली काही वर्षं ती पळी हातात धरून थांबायची. "काय?" विचारायची. "कुठे काय," तो म्हणायचा आणि बूट काढायला बसायचा. त्या खोकल्यानंतरच्या रिकाम्या जागेत तिनं काय काय कल्पून ठेवलं होतं! नोकरी गेली असेल, आई गेली असेल, आपण त्याला सुंदर दिसत असू. पुढे पुढे ती जागा तिला सोसवेना, तशी ती तिनं बुजवून टाकली. तो खोकला, की ती म्हणायची, "पाय पूस." मग तो पाय पुसायचा. संसार म्हणतात तो असा, पायपुसण्यावर, चांगला चालला. किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूचे कण त्याच्या बुटांतून पायपुसण्यावर पडत, पायपुसण्यावरून केरसुणीत येत, आणि केराबरोबर ते मागच्या खाडीत फेकताना तिला कधी असं वाटलं नव्हतं की ही वाळू कुणाच्या तरी अंगणातली असेल.

पुढच्या वेळी ती पिएदादच्या आधीच पडद्याआड जाऊन बसली. ऊन अजून फांद्यांवर आलं नव्हतं. पिवळं कडं खालच्या फांदीवर उतरलं, तिच्याकडे पाहिलं, आणि खोकलं. दोन आखूड, एक लांब. मग घसा साफ केला. वासासकट सगळं आलं, गंजकं लोखंड, घाम, अमोनिया. या वेळी तिनं ओठ घट्ट मिटून घेतले होते, म्हणून ती जागा आली. तीच रिकामी जागा, तेवढीच लांब. आणि त्या जागेनंतर पोपटाच्या तोंडून एक बाई हसली.

मोठ्यानं हसली. पोटातून आलेलं, तोंडावर हात न घेता हसलेलं, शेवटी घोड्यानं फुरफुरावं तसं फुरफुरत विरणारं हसू. त्यामागे कपबशी ठेवल्याचा टक असा आवाज, आणि मग काही नाही. पोपट उडून वर गेला. औरिस्तेला हातातल्या पेरूकडे पाहत राहिली. राग येईल म्हणून ती थांबली, पण राग आला नाही. तिला एवढंच वाटलं, की तिथे त्यानं ते सांगितलं होतं. आपल्या दारात एवढी वर्षं तो ज्याच्यासाठी घसा साफ करत राहिला ते तिथे, त्या बाईला, सांगून टाकलं होतं, आणि ते इतकं मजेचं होतं की ती बाई घोड्यासारखी हसली होती. पोपटानं आधीचं ठेवलं होतं, नंतरचं ठेवलं होतं, नेमकं मधलं तेवढं गाळलं होतं.

मार्लेन पाण्याच्या टाकीपाशी भांडी घासत होती. औरिस्तेलानं सहज विचारावं तसं विचारलं, "ते पिवळं कडं कुठलं?"

"पोसोर्हाकडचं, किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या गावातलं. एका बाईनं आपणहून आणून दिला. म्हणाली, याचा आवाज आता ऐकवत नाही."

"रडत होती?"

"तेच तर. हसत होती. डोळे पुसत होती आणि हसत होती. मला वाटलं, असतात काही माणसं अशी." मार्लेननं हात झटकले. "का हो दोन्या औरिस्तेला? तिचा ठिकाणा हवाय का?"

"नको. मला काय करायचाय?"

"गुणी पोपट आहे. लवकर विसरेल. आणि ही जात मोठी गमतीची आहे बघा, यांना दोन घरं लागतात. रात्री झोपायला खाडीतलं खारफुटीचं रान, दिवसा खायला हा डोंगर. रोज जायचं, रोज यायचं. एकाच जागी कोंडलं तर झुरतात."

"आणि त्या घरांना हे ठाऊक असतं?"

मार्लेनला हा विनोद फार आवडला. तिनं तो दिवसभर सगळ्यांना सांगितला.

पोसोर्हाला जाणारी बस औरिस्तेलाच्या घरावरूनच जात असे. ती तिनं कधी थांबवली नाही. त्या बाईपुढे जाऊन उभं राहायचं आणि विचारायचं काय? माझ्या नवऱ्यानं तुला काय सांगितलं? त्यापेक्षा पोपट बरा. पोपट खोटं बोलत नाही आणि दया दाखवत नाही. त्याच्या घशात ते कुठेतरी असणारच. एवढंसं हसू ज्यानं ठेवलं, कपबशीची टक ठेवली, त्यानं शब्द टाकून दिले असतील होय? नीट आठवण करून दिली तर येतील. पण आठवण करून द्यायची तर बोलता येत नव्हतं. बोललं तर पिएदाद, मार्लेन, सगळा नियम. खोकल्याला मात्र नियम नव्हता. खोकला काय कुणाच्या हातात असतो? म्हणून ती खोकू लागली.

पहिल्यांदा तिचा खोकला ऐकून पोपटानं पाठ फिरवली. अपमान झाल्यासारखा तो थोडा वेळ जाळीकडे तोंड करून बसला. बरोबरच होतं, तो खोकला बाईचा होता, घशातल्या घशातला. मग ती घरी बसून खोकू लागली. भाजी फोडणीला टाकली की खोके, दिवाबत्ती करताना खोके. घसा बसला, आतून खरवडल्यासारखा झाला, आणि तसा झाल्यावरच लांब ठसका जमू लागला; छातीच्या अगदी खालून उचलून आणायचा आणि मधे जरा आपटायचा. घसा साफ करणं त्याहून अवघड गेलं. ते मान वर केल्याशिवाय येत नाही, हे एके दिवशी आरशासमोर तिच्या लक्षात आलं, आणि मान वर केल्याबरोबर ते इतकं खरं आलं की तिनं दचकून पाठीमागे पाहिलं. भिंतीपलीकडच्या शेजारणीनं दुसऱ्या दिवशी आल्याचा काढा आणून दिला, आणि तो देताना आत डोकावून विचारलं, "सेन्योर एलोयसाठी एखादी प्रार्थना करायची राहिलीय का हो तुमची?" एलोयला घाबरणारा बोका, जो गेली दोन वर्षं बिनधास्त त्याच्या खुर्चीत झोपत होता, तो पुन्हा चुलीखाली राहायला गेला. औरिस्तेलाला या सगळ्याची भीती वाटली नाही. भीती कसली? घर पुन्हा भरलं होतं. फक्त ज्या कुणी ते भरलं होतं तो कधी बूट काढायला खाली बसत नव्हता.

आणि पोपट उत्तर देऊ लागला. ती खोकली, की तो खोके. तो थांबला, की ती थांबे, श्वास रोखून, बोटं जाळीत अडकवून. मग ते हसू येई, आणि कपबशी. पुन्हा. पुन्हा तेच. मधली जागा येई आणि रिकामी निघून जाई. तिला वाटे, आज थोडी लांबली. आज त्याची चोच हलली होती. कधी कधी ती स्वतःच त्या जागेत काहीतरी घालून बघे, मनातल्या मनात. तू फार सुंदर दिसतेस. मला परत जायचं नाहीये. तिकडे माझी बायको पाय पुसायला लावते. हे शेवटचं बसत होतं. यावर ते हसू अगदी चपखल बसत होतं. त्या दिवशी तिनं फळांची बादली अर्धी तशीच ठेवली आणि घरी निघून आली, आणि पायपुसणं उचलून मागच्या खाडीत भिरकावून दिलं. भरतीच्या पाण्यावर ते बराच वेळ दाराशीच रेंगाळत राहिलं.

मग एके दिवशी पोपटानं हसू गाळलं. पुढच्या खेपेला खोकलाही अर्धाच आला. नंतर नुसतं घसा साफ करणं राहिलं, तेही दुरून, दुसऱ्या पोपटांच्या कलकलाटात. त्याला थव्यात जागा मिळाली होती. त्याची एका मादीशी जोडी जमली होती, तिच्या मानेतली पिसं तो तासन् तास खाजवत बसे. औरिस्तेला खोकली तर तो एक डोळा तिच्याकडे करी, ओळखीचं माणूस रस्त्यात दिसावं पण नाव आठवू नये तसा पाही, आणि पुन्हा मादीकडे वळे. उलट तिच्याकडून मात्र खोकला न मागता येऊ लागला होता. बसमध्ये येई. प्रार्थनेच्या मधे येई. आवाज एका वेळी एकाच घशात मुक्काम करतो की काय, आणि आपण शिकत गेलो तसा त्याच्याकडचा संपत गेला की काय, या विचारानं ती जाळीपाशी बसून कासावीस होई. सोडायचा दिवस जवळ येत होता. एकदा तो गेला, की ती जागा कायमची गेली. आणखी एक वर्ष मिळालं तर? संतांच्या तसबिरीसमोर तिनं मेणबत्ती लावली आणि इतर कुणी मागितलं नसेल असं मागणं मागितलं: ऐकायच्या सकाळी त्याला एकदा, फक्त एकदा, खोकू दे.

ऐकायची सकाळ म्हणजे त्या पोपटांची परीक्षा. उजाडता उजाडता सगळ्यांनी तागाच्या पडद्याआड ओळीनं बसायचं, प्रत्येकाच्या मुठीत एक खडा. जाळीतून माणसाचा आवाज ऐकू आला, की ज्यानं ऐकला त्यानं न बोलता आपला खडा समोरच्या पत्र्यावर ठेवायचा आणि बोटानं पक्षी दाखवायचा. तो पक्षी आणखी वर्षभर आत. त्या सकाळी पडद्याच्या भोकांतून औरिस्तेलाला दिसलं, की पिवळं कडं अगदी जवळ, हाताच्या अंतरावर येऊन बसलंय. पोपट किंचाळले, भांडले, चोची घासल्या, पण सगळं पक्ष्यांचं. कुणी पाव मागितला नाही. मार्लेनच्या चेहऱ्यावर हळूहळू ऊन चढत होतं. औरिस्तेला त्या पिवळ्या कड्याकडे पाहत मनात म्हणत होती, खोक. खोक रे, एकदा. तिचा सगळा जीव घशाशी गोळा झाला होता.

आणि खोकला आला. दोन आखूड, एक लांब, आणि मग घसा साफ केल्याचा तो थाट.

टक. टक. पत्र्यावर खडे पडत गेले. पिएदादचं जाड बोट पडद्यातून थेट पिवळ्या कड्याकडे गेलं. मार्लेननं डोळे मिटले, उघडले आणि उभी राहिली. "पिवळं कडं," ती हलक्या आवाजात म्हणाली, "आणखी एक वर्ष." फक्त औरिस्तेलाचा खडा अजून मुठीत होता, घामानं ओला. जे मागितलं ते मिळालं होतं. काही करायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. इथे गप्प बसण्याचाच तर नियम होता. तिनं भोकातून पाहिलं. पोपट मान वाकडी करून तिच्याकडेच पाहत होता. मागच्या फांदीवर त्याची मादी त्याला हाका मारत होती.

"तो नव्हे," औरिस्तेला म्हणाली. "मी खोकले."

"दोन्या, त्याची दया करू नका," मार्लेन म्हणाली. "मी पुरुषाचा आवाज ऐकलाय."

"पुरुषाचाच," पिएदाद म्हणाली. "आणि तो पुरुष अंघोळ न करता आला होता, असाही वास त्यात होता. काहीतरी बोलू नकोस हं."

"मीच."

"मग पुन्हा खोका," मार्लेन म्हणाली.

औरिस्तेलानं मान किंचित वर केली. दोन आखूड, एक लांब. घसा साफ केला, चांगला वेळ घेऊन. पिएदादनं छातीवर क्रुसाची खूण केली. मार्लेनचा हात पडद्याला धरून तसाच राहिला. आणि ती जागा आली. सगळे थांबले, ही आता काहीतरी सांगणार म्हणून सगळ्यांनी माना पुढे केल्या, पलीकडे पोपटानंही केली. औरिस्तेला त्या जागेच्या मधोमध उभी होती. इथे ती कधीच उभी राहिली नव्हती. नेहमी पलीकडून, पळी धरून, वाट पाहत उभी असायची. आतून ती अगदी रिकामी होती. सांगण्यासारखं तिच्याजवळ काहीच नव्हतं. एवढी मान वर करून, एवढा घसा साफ करून, काही म्हणजे काहीच नव्हतं, आणि समोरचे चेहरे इतके गंभीर झाले होते की तिला पोटातून उकळी फुटली. ती हसली. मोठ्यानं हसली, हात तोंडाकडे नेण्याचं भानच राहिलं नाही. हसू वर चढलं आणि शेवटी घोड्यानं फुरफुरावं तसं फुरफुरत विरलं.

ते तिचं हसू नव्हतं. ते कुणाचं होतं ते तिला ठाऊक होतं, आणि पोसोर्हातल्या कुठल्याशा घरात, कपबशी हातात घेतलेली ती बाई, कशाला हसत होती, तेही.

पोपटानं ऐकून घेतलं. काही बोलला नाही. मादीनं पुन्हा हाक दिली, तसा तो पक्ष्याच्या कर्कश आवाजात ओरडला आणि उडून वरच्या फांदीवर गेला.

"याला सोडा," पिएदाद पत्र्यावरचा आपला खडा उचलून घेत म्हणाली. "आणि डॉक्टर, हिला ठेवा आणखी वर्षभर."

संध्याकाळी पिंजऱ्याची झडप उघडली, तेव्हा थवा डोंगरावरून खाडीकडे गेला. पिवळं कडं कोणतं ते एवढ्या उंचीवर ओळखू येत नव्हतं. औरिस्तेला बसनं घरी आली. दारात किल्ली लावताना खोकला आला. तो सगळा येऊन गेला, घसा साफ झाला. मग ती तिथेच उभी राहिली, आतून कुणी काही म्हणतं का ते ऐकत. पायपुसणं नव्हतं. तिनं बूट काढले, उलटे करून झटकले, आणि उंबऱ्याच्या दगडावर पाय नीट पुसून घेतले.